धुऱ्यावरची तार

आमची नर्सरी किन्हीराजा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. मागे हिरव्या जाळीखाली शोभेची झाडं असतात. क्रोटन, एक्झोरा, जास्वंद, बोगनवेल, गुलाबाची कलमं. पुढे, रस्ता आणि जाळी यांच्यामधल्या पट्ट्यात, माझी बाग. शिरपूरला देवदर्शनाला निघालेल्या गाड्या आमच्याकडे थांबतात त्या बहुतेक ही बाग पाहूनच. लांबून ती फुलबाग वाटते, जवळ आल्यावर कळतं की सगळं खायचं आहे. कडेला लाल माठ, मधे मिरचीचा गोल वाफा, गवती चहाचे झुबके, कमानीवर दोडकं आणि कारलं, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, बाजूला कढीपत्त्याची रांग. लोक जिथे हिरवळ लावतात तिथे मी रताळ्याचे वेल सोडले होते. ते इतके दाट पसरले की जमीन दिसायची नाही. प्लॉटवर नवे बंगले बांधणारे लोक विचारायचे, "हे कोणतं शोभेचं झाड?" मग मी वेल उचलून खालची माती उकरायची आणि त्यांच्या हातात रताळं ठेवायची.

माझं माहेर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. सासर कोरडवाहू, सोयाबीन-तुरीचं. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडचा बरड तुकडा आम्हाला आला आणि मागचं काळं रान भासऱ्यांना. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मधे एक धुरा आणि धुऱ्यापलीकडे दोघांत एक विहीर. भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. लग्नाला बावीस वर्षं झाली होती तरी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तेही मला काही सांगायचं असलं तर नवऱ्याकडे तोंड करून सांगत. "सांग तुह्या बायकोले, कोंबड्या बांधून ठेव म्हना." मी तेव्हा तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

त्या भाद्रपदात रानडुकरं यायला लागली. सकाळी उठून पाहावं तर रताळ्याचा पट्टा नांगरल्यासारखा उलथलेला. वेल एकीकडे, अर्धी खाल्लेली रताळी एकीकडे. मी वेल पुन्हा टोचायची, ती पुन्हा उलथवायची. पण माझं नुकसान थोडं होतं. पोट भरलं की कळप धुरा ओलांडून भासऱ्यांच्या सोयाबीनमध्ये शिरायचा. तिथे लोळायचा, शेंगा चावून टाकायचा. सकाळी त्या पिकात गाडी फिरवल्यासारखे पट्टे दिसायचे.

भासरे धुऱ्यावर येऊन नवऱ्याला म्हणाले, "इतक्या वर्सात इकडं डुक्कर आलं नोतं. तिनं हे रताळे लावले अन् कळपच्या कळप येऊन राह्यले. खातेत तिचं अन् लोळतेत माह्या वावरात."

नवरा म्हणाला, "दादा, डुकरं सगळीकडंच झाले आता. जऊळक्याकडं तं दिवसा फिरतेत."

"मले जऊळक्याचं सांगू नको. रताळे काढ म्हना तिले."

मी ऐकत होते. ते खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण "भाजीवालीची पोरगी, वावराचा बाजार करून ठेवला," असंही ते जाता जाता बोलले, आणि मी रताळी काढली नाहीत.

मग एका दुपारी एक डुक्कर दिवसाउजेडीच आलं. गावातल्या कुत्र्यांनी त्याला सोयाबीनमधून उठवलं होतं. मी जाळीखाली गुलाबाच्या पिशव्यांतलं तण काढत होते. आधी कुत्र्यांचा गलका ऐकू आला, मग जाळी फाटल्याचा आवाज, आणि एक काळं धूड सरळ कुंड्यांच्या रांगेत घुसलं. मातीच्या कुंड्या फुटत गेल्या. क्रोटनच्या तीन रांगा आडव्या झाल्या. एका कुत्र्याने त्याचा मागचा पाय धरला, त्याने वळून सुळा मारला, आणि कुत्रं पोट फाटून माझ्यापासून चार हातांवर पडलं. त्याचे पाय हलत राहिले. मी पाण्याच्या टाकीवर चढले.

मागोमाग भासरे आणि वावरातले दोघे मजूर काठ्या घेऊन आले. डुक्कर जाळीत अडकलं होतं. जितकं ओढायचं तितकं गुंडाळलं जात होतं. त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली. पहिल्या दहा-बारा काठ्या मी मोजल्या असतील. ते लहान मुलासारखं ओरडत होतं. मी खाली उतरले, एक फुटकी कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याशिवायही ते मेलंच असतं. पण माझ्या गुलाबांवर ते लोळलं होतं, आणि त्या क्षणी मला ते मरायला हवं होतं, माझ्या हातून हवं होतं. कुंडीची कड त्याच्या कानामागे लागली. रक्त एक्झोराच्या पानांवर उडालं, माझ्या पायांवर उडालं. मग ते गप्प झालं.

मजुरांनी त्याला पाय धरून नाल्याकडे ओढत नेलं आणि पुरलं. वनखात्याला कळवायचं कोणी नाव काढलं नाही. भासऱ्यांनी काठी टेकली, घाम पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यात राग नव्हता. नवल होतं थोडं. मग मान वळवून, तिथे नसलेल्या माझ्या नवऱ्याला सांगावं तसं हवेतच म्हणाले, "आता मी बंदोबस्त करतो."

बंदोबस्त म्हणजे तार. धुऱ्याच्या कडेने, जमिनीपासून हातभर उंचीवर, खुंट्या ठोकून त्यांनी उघडी तार ओढली. बाजारात झटका मशीन मिळते, तिचा नुसता चटका बसतो, जनावर पळून जातं. भासऱ्यांनी ती आणली नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवरून सरळ करंट दिला. संध्याकाळी जोडायचा, सकाळी काढायचा.

नवरा विचारायला गेला. मी कढीपत्त्याआड उभी राहून ऐकलं.

"दादा, करंट कायले सोडला? मानूस मरंन ना."

"रात्री कोन येते मरायले? सकाळी मी सोता काढतो. तुले काय भेव?"

"तरी पन..."

"तरी पन काय? रताळे काढले तिनं?"

नवरा परत आला. मी म्हटलं, "अवो, तुमी नीट बोलत काहून नाई?" तो म्हणाला, "मोठा भाऊ हाये." एवढंच. तो असाच होता. गुलाबाला डोळा भरताना, म्हणजे सालीत खाच करून कलमाचा कोंब बसवताना, त्याची बोटं इतकी हलकी चालायची की साल सोलल्याचा आवाज यायचा नाही, आणि माणसांशीही तो तसाच वागायचा. मला त्याचा राग आला. रताळी तरीही काढली नाहीत. काढली असती तर ते जिंकले असते, असं मला वाटत होतं. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा ते मनातही नीट कबूल केलं नव्हतं.

तारेने आठवडाभरात एक डुक्कर मारलं, एक मुंगूस मारलं आणि आमची पांढरी मांजर मारली. मांजर मला सकाळी सापडली. तोंड उघडं होतं आणि अंग लाकडासारखं. मी ती धुऱ्याच्या पलीकडे, भासऱ्यांच्या वावरात ठेवून आले. दुपारी ती परत आमच्या बाजूला टाकलेली होती.

सोयाबीन सोंगणीला आलं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे शेतीची लाईन, म्हणजे वीज, पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या दिवशी पाळी बदलली होती. पहाटे लाईन गेली. लाईनच नाही म्हटल्यावर भासऱ्यांनी तार काढली नाही, तसेच मजुरांना काम सांगत वावरात फिरत राहिले. नवरा सकाळी धुऱ्यावर बसून कढीपत्त्याचे फुटवे काढत होता. मोठ्या झाडाच्या मुळांतून जे कोंब येतात, ते मुळासकट उचलून पिशवीत लावले की नवं रोप होतं. मी थोड्या अंतरावर विळ्याने गवती चहा कापत होते. मालेगावची एक बाई रोपं घ्यायला येणार होती, म्हणून दोघं घाईत होतो.

लाईन आली. मला कळलं कसं, तर विहिरीवरची ऑटोवर ठेवलेली मोटार गुरगुरली. त्याच वेळी नवऱ्याच्या तोंडून एक आवाज निघाला. ती किंकाळी नव्हती, खोकला अडकावा तसा आवाज होता. वळून पाहिलं तर तो बसल्या जागी ताठ झालेला. डावा हात तारेला चिकटलेला, मान मागे, डोळे पांढरे. हातातून धूर निघत होता. भाजल्याचा वास आला.

मी धावले आणि त्याला धरणारच होते. माझा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचला होता. कोणी तरी आतून मागे ओढल्यासारखं झालं आणि मी दोडक्याच्या कमानीचा बांबू उपटला. वाळलेला होता. पहिला फटका खुंटीवर गेला. दुसरा त्याच्या मनगटावर मारला, होता नव्हता तेवढा जोर लावून. हाड मोडलं तरी चालेल असा. हात सुटला. तो उताणा पडला.

मी त्याच्या छातीवर बसले आणि बुक्क्या मारल्या. कसं करतात ते मला माहीत नव्हतं. टीव्हीवर पाहिलं होतं तेवढंच. तिसऱ्या-चौथ्या बुक्कीला त्याने श्वास घेतला. ओठ निळे होते. तळहाताला आरपार काळी रेघ पडली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचं मांस पांढरं उघडं दिसत होतं. तो "आई" म्हणाला.

तो वाचला आहे, हे मला कळलं होतं. हे सांगायलाच हवं, कारण नंतर लोक म्हणाले, नवरा मेला असं वाटून बिचारीचं भान गेलं. भान गेलं नव्हतं. मी त्याच्या डोक्याखाली रिकामी पोती घातली, त्याला सांगितलं, "पडून राहा, मी आली," आणि विळा उचलला.

भासरे विहिरीजवळ होते. मोटारीचा आवाज ऐकून तेही स्टार्टरकडे धावत आले होते. त्यांना आठवलं असणार. त्यांनी खटका बंद केला आणि वळले, तर मी समोर. माझ्या डोक्यावर पदर नव्हता.

"काय झालं वं?" त्यांनी विचारलं. बावीस वर्षांत माझ्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द.

मी विळा चालवला. त्यांनी उजवा हात मधे घातला. विळ्याचं पातं त्यांच्या बोटांत अडकलं आणि मी ते ओढलं, गवती चहाचा झुबका ओढतो तसं. त्यांनी हात पोटाशी धरला. मी पुन्हा मारलं, खांद्यावर. सदरा फाटला. तिसरा वार करायला हात उचलला तेव्हा माझ्या गळ्यातून एक आवाज येत होता आणि तो मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. भासरे माझ्याकडे पाहत उभे होते. पळाले नाहीत. मारलंही नाही. त्यांना एका थपडेत मला आडवं करता आलं असतं.

तिसरा वार झाला नाही, कारण जाऊबाईने मागून माझे केस धरले. आम्ही दोघी सोयाबीनच्या धांड्यांत पडलो. तिने माझं तोंड मातीत दाबलं, मी तिच्या मनगटाला चावले. ती ओरडत होती, "माह्या मानसाले मारतं? रांडे, माह्या मानसाले मारतं?" मीही तेच ओरडत होते, "माह्या मानसाले मारलं तुमीनं!" मजूर बाया येऊन आम्हाला सोडवेपर्यंत माझा एक दात हलला होता आणि तिच्या कानातला फुलझुबा निघून कानाची पाळी फाटली होती.

मग कोणी तरी म्हणालं, दवाखान्यात न्या.

गाडी एकच होती, आमची रोपं पोचवायची मालवाहू तीनचाकी. चालवायला मीच. नवऱ्याला आणि भासऱ्यांना मागे, सकाळी भरून ठेवलेल्या मोगऱ्याच्या कुंड्यांमधे झोपवलं. जाऊबाई मधे बसली. आपला पदर फाडून तिने भासऱ्यांचा हात बांधला आणि दुसऱ्या हाताने माझ्या नवऱ्याचं डोकं धरलं, खड्ड्यांत आपटू नये म्हणून. आरशातून मला ती दिसत होती. कानातून रक्त मानेवर आलं होतं. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "हळू चालव." मी हळू चालवली.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. नवऱ्याचा हात पाहून त्याने विचारलं, "शॉक कुठे लागला?"

"स्टार्टरले," नवरा म्हणाला.

"आणि तुम्हाला हे काय?"

भासरे म्हणाले, "सोयाबीन सोंगता सोंगता विळा लागला."

डॉक्टरने हात उलटा-सुलटा केला. "विळा कोणत्या हातात धरता?"

"उजव्या."

"मग उजवाच हात कापला कसा?"

डॉक्टरने आम्हा चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. माझ्या सुजलेल्या ओठाकडे, जाऊबाईच्या कानाकडे. मग सुई मागवली. करंट सोडला हे सांगितलं असतं तर भासरे आत गेले असते आणि वार केला हे सांगितलं असतं तर मी. दोघा भावांनी एकमेकांना न विचारता आम्हा दोघांनाही वाचवलं. मला वाटतं, लहानपणी मार चुकवतानाही ते असंच करत असतील.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, नवरा माझा हात हातात घेईल. त्याने भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी बोलला.

"मले विचारलं होतं तू?"

"तुमी मरत होते."

"मी वाचलो होतो. मंग गेली तू. त्याच हातानं दादानं मले पोहायले शिकवलं, त्या विहिरीत."

मी बाहेर गेले आणि टिकाव घेऊन रताळ्याचा सगळा पट्टा खणून काढला. दोन दिवस खणत होते. टिकाव इतक्या जोराने मारायची की रताळी दुभंगून वर यायची, त्यांतून पांढरा चीक गळायचा. आत्तापर्यंत जिला जपलं ती जमीन मी शत्रूसारखी फोडली. राग संपत नव्हता, आणि तो कोणावर आहे हे आता सांगता येत नव्हतं.

नवऱ्याचा हात भरून आला, पण बोटांना कंप राहिला. वर्षभर त्याला डोळा भरता आला नाही. तो शेजारी बसून सांगायचा आणि मी करायची. माझी कलमं पहिल्यांदा बहुतेक वाळली. तो म्हणायचा, "दाबतं तू. दाबू नको." भासऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. जेवण ते डाव्या हाताने करतात आणि पंगतीत बसायचं टाळतात. ते पाहिलं की मला वाईट वाटतं. आणि खरं सांगायचं तर, विळा बोटांत अडकला होता तो क्षण आठवला की अजूनही कधी कधी वाईट वाटत नाही. दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत. मी पूजा करते, उपवास करते, तरी आहेत.

तार त्या दिवशीच मजुरांनी काढून टाकली होती. डुकरं मात्र येतच राहिली. रताळी नव्हती तरी आली. म्हणजे भासऱ्यांचं म्हणणं अर्धंच खरं होतं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी करवंदाची रोपं तयार केली. करवंदाची जाळी दाट होते, काटा दुहेरी असतो, आणि वरून लोणच्याला फळ मिळतं. धुऱ्यावर दोन ओळी लावायच्या असं ठरवलं. आमच्या बाजूचे खड्डे खणत होते तेव्हा भासरे आले. बरोबर कोणी नव्हतं. माझा पदर खांद्यावर होता, तो मी उचलला नाही.

एका खड्ड्यात वाकून त्यांनी तळाची माती चाचपली. मग म्हणाले, "एवढ्याशा खड्ड्यात काय होते? खाली मुरूम हाये. मूळ जानार नाई."

"मंग किती?" मी विचारलं.

"हातभर पाह्यजे."

ते जाऊन कुदळ घेऊन आले आणि त्यांच्या बाजूने खणायला लागले. डाव्या हाताचा जोर, उजव्या हाताचा नुसता आधार. दांडा दोनदा निसटला. मी मदतीला गेले नाही, आणि त्यांनी बोलावलंही नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचे अकरा खड्डे झाले, माझे तीस. रोपं मी लावली, दोन्ही बाजूंची.

जाऊबाई त्या दिवशी आली नाही. ती अजूनही माझ्याशी बोलत नाही. फाटलेल्या कानात ती काही घालत नाही. तिच्या मुलीच्या लग्नात मांडवाला झाडं आमच्या नर्सरीतूनच गेली, पण ती नवऱ्याने नेली. मला बोलावणं आलं नाही. मी वाट पाहिली नाही, असं म्हणेन तर खोटं होईल. मी दिवसभर नवी साडी नेसून बसले होते.

करवंदं आता कमरेएवढी झाली आहेत. विहिरीच्या टोकाला पाच-सहा रोपं जळाली, तिथे फट आहे आणि तिथूनच डुकरं येतात. मागच्या आठवड्यात मिरचीचा वाफा गेला. सकाळी नवरा आणि भासरे दोघं त्या फटीपाशी उकिडवे बसून पावलं पाहत होते. मोठं आहे की पिल्लं आहेत बरोबर, यावर वाद घालत होते. मी पिशव्यांत माती भरत होते. या वेळी तिथे सागरगोटा, करवंदापेक्षाही काटेरी वेल, लावून पाहावा असं माझ्या मनात आहे. त्याचं बी भिजत घातलं आहे.